माळावर ओ देत नाहीत

१८ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

पोचले एकदाची! इंदापूरच्या स्टँडवर दादासो मोटरसायकल घेऊन उभाच होता. माझ्या दोन सॅक, दुर्बीण, तिपाई आणि मायक्रोफोनची लांबलचक पेटी बघून त्याने गंभीर चेहऱ्याने विचारलं, की म्याडम, वरात कुठं न्यायची? हा माणूस मला आवडला. पुढे निरवांगीपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागून धूळ खात आलो.

देशभरच्या उघड्या जागांवरचे पक्षी नोंदवायचं काम आमच्या संस्थेने घेतलंय. लडाखचं थंड वाळवंट, कच्छचं रण, सुंदरबनातला चिखल, सगळीकडे माझं कान टवकारून फिरून झालंय. आता मार्चअखेरपर्यंत हा माळ. पक्षी दिसायच्या आधी मी त्याला आवाजावरून ओळखते. लोक याला गर्व म्हणतात. असू दे, मला एवढी एकच गोष्ट धड येते.

घरात दादासो, त्याची आई सारजाकाकू आणि बायको प्रतिक्षा. पूर्वी यांची मेंढरं होती. आता थोडा ऊस आहे आणि दादासो कारखान्याला ट्रॅक्टर चालवतो. मला मागच्या अंगाची पत्र्याची खोली दिलीय. दार उघडलं की पाण्याची चारी, आणि चारीपलीकडे नुसता माळ, पिवळ्या गवताचा, नजर पोचेल तिथपर्यंत. जेवायला बाजरीची भाकरी, पिठलं आणि ठेचा होता. आम्ही चिपळूणची माणसं. ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं ते बघून काकू पदराआड हसल्या.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दोन दिवसांत माळाने चांगलाच पाहुणचार केला. धाविक, पखुर्ड्या, माळटिटव्या, गप्पीदास, आणि काल संध्याकाळी गवतावरून तरंगत गेलेला भोवत्या. चंडोल तर इतके, की पाय कुठे ठेवू असं होतं.

प्रतिक्षा बरोबर येते. ती सांगवीची, बागायती गावातली, लग्न होऊन वर्ष झालंय. आज तिला सांगितलं, की खाटीक हा लबाड पक्षी आहे, दुसऱ्या पाखरांच्या नकला करतो. तर म्हणाली, आमच्या भावकीतबी हायेत की तसले. खूप हसलो.

या घराची एक गंमत लक्षात आली. घराबाहेर कुणी कुणाला हाक मारत नाही. बांधावर बसलेल्या सासूला (ती त्यांना आत्या म्हणते) चहाला बोलवायचं तर प्रतिक्षा मिस्ड कॉल देते! माळावर रेंज नाही, तिथे शीळ घालतात, ज्याची त्याची वेगळी. मी विचारलं तेव्हा काकूंनी एवढंच सांगितलं, “माळावं कुणी नावानं हाक मारली तर ओ द्यायची न्हाय. डोळ्याम्होरं मानूस दिसलं तरच बोलायचं.” मेंढक्यांची जुनी रीत असणार. उघड्या रानात आवाज फसवतो, हे मीही नवख्यांना शिकवते. मी मान डोलावली आणि विसरले.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज मला भलताच आनंद झालाय. भर दुपारी, जेव्हा पाखरंसुद्धा सावलीला बसतात, तेव्हा माळाच्या मधल्या घळीकडून एक आवाज आला. दोन सूर. पहिला खाली, दुसरा चढता, कुणी काहीतरी विचारावं तसा. मग थांबला. पुन्हा तेच दोन सूर.

मला ओळखता आला नाही.

रातवा नव्हे, धाविक नव्हे, तणमोराचा हंगाम नव्हे. हिमालयापासून समुद्रापर्यंत कानात साठवलेले सगळे आवाज ताडून पाहिले. एकही जुळला नाही. प्रतिक्षाला हा आवाज आवडला नाही. घरी जाऊया म्हणाली. मी तिला दटावून बसवलं आणि आवाज टिपला. टिपून झाल्यावर आम्ही मायक्रोफोनमध्ये नोंद बोलून ठेवतो, म्हणजे पुढे घोळ होत नाही. ती बोलले: स्वरूपा, निरवांगीचा माळ, सोबत प्रतिक्षा.

देशात कुणी न नोंदवलेला पक्षी निघाला तर? असलं स्वप्न बघायचं माझं वय राहिलेलं नाही. तरी बघतेय.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

पक्षी दिसत नसला की आमचा एक ठरलेला उपाय असतो. त्याचाच आवाज स्पीकरवर त्याला ऐकवायचा. आपल्या हद्दीत हा दुसरा कोण उपटला म्हणून तो बघायला येतो. विणीच्या दिवसांत हे करू नये, पण ज्याने कधीच केलं नाही असा पक्षीनिरीक्षक मला अजून भेटायचाय.

काकूंची रीत आठवली, नाही असं नाही. पण ती माणसांच्या हाकेची. पाखराला उत्तर द्यायला कसली आडकाठी?

दुपारी घळीच्या काठावर स्पीकर ठेवला. आवाज वाजला आणि सगळा माळ गप्प झाला. टिटव्यासुद्धा. मग घळीतून उत्तर आलं, आधीपेक्षा जवळून. मी पुन्हा वाजवला. उत्तर अजून जवळून. गवत हलत नव्हतं. दुर्बिणीत काहीच नव्हतं. प्रतिक्षाने माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठलेत.

सामान आवरताना लक्षात आलं, मी शेवटचा तुकडा कापलाच नव्हता. दर खेपेला माझी बोललेली नोंदही वाजत होती. नवशिक्या करतात तसली चूक. माझी मलाच लाज वाटली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

ऐकलं ते जसंच्या तसं लिहिते.

दुपारी चारीवर हात धूत होते. माळाकडून माझा आवाज आला. माझाच. “स्वरूपा, निरवांगीचा माळ, सोबत प्रतिक्षा.” तोच चिपळुणी हेल, तोच घसा खाकरणं. स्पीकर खोलीत, बंद. मी स्वतः जाऊन बॅटरी काढून बघितली.

पिंजऱ्यातला पोपट बोलतो, मैना बोलते. रानातलं पाखरू, दोनदा ऐकून, इतकं हुबेहूब? मनाला सांगितलं की नकल्या पक्षी आहे. मनाला पटलं नाही.

प्रतिक्षानेही ऐकलं. तिने दादासोला सांगितलं, त्याने आईला. काकू माझ्यासमोर येऊन बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे विचारलं, की माळाला तुमी ओ दिली का? मी सगळं सांगितलं. मग त्यांनी कुंडलिकचं सांगितलं. कुंडलिक त्यांचा धाकटा दीर. मेंढरांमागे असताना भर उन्हात वडलांची हाक आली म्हणून त्याने ओ दिली आणि तो निघाला. वडील घरात झोपलेले होते. त्यानंतर माळावरून कुंडलिक घरच्यांना हाका मारत राहिला, पाणी मागत राहिला. कुणीही ओ दिली नाही. शेवटी आवाज थांबला.

“त्यो खरा कुंडलिक हुता का न्हाय, मला आजून म्हायीत न्हाय,” काकू म्हणाल्या. मग पदराने तोंड पुसून चुलीपाशी गेल्या.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सामान बांधलं. मी इथून गेले की हे थांबेल असं काकूंना म्हटलं. त्यांनी मान हलवली. “तुमी गेला तरी तुमचा आवाज हितंच ऱ्हानार. अन् त्याला आता माज्या सुनंचं नाव ठावं झालंय.”

बांधलेलं सामान पुन्हा सोडलं. माझ्या आवाजाने या पोरीला कुणी बोलावणार असेल तर मी तिच्या डोळ्यांसमोर असायला हवं. म्हणजे तिला कळेल, मी इथे आहे, तिकडे नाही. दोघींनी ठरवलंय, एकमेकींना सोडायचं नाही. प्रतिक्षा मला धीर देतेय! ताई, आसं कसं न्हील मला, म्हणते. मला स्वतःची चीड येतेय, खरंच चीड.

आज ते माझ्या आवाजात नवं काहीतरी बोललं. मी कधी न बोललेलं. “ये लवकर, बघ.”

१ मार्च, शनिवार

प्रतिक्षा गेली.

टिपलेला आवाज संस्थेला पाठवून विचारायला मी सकाळी इंदापूरला गेले, घरच्या रेंजवर तो जात नव्हता. एकमेकींना सोडायचं नाही हे ठरलेलं मीच मोडलं. दुपारच्या आत येते म्हणाले होते. दार लावून बस म्हणाले होते. एसटी वाटेत बंद पडली.

परत आले तेव्हा काकू उंबऱ्यात. मला बघून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. “आत्ता तर तुमी मागनं हाक मारली. ती ‘आले ताई’ म्हनून गेली.”

दोरीवरचे कपडे अर्धे काढलेले. चिमटे खाली पडलेले.

दादासो आणि वस्तीवरचे लोक संध्याकाळपर्यंत माळ पालथा घालत होते. मीही होते. एवढी माणसं एका बाईला शोधतायत आणि कुणाच्याही तोंडून तिचं नाव नाही. नुसत्या पायांचा आवाज. दादासो तिची शीळ घालत होता, ओठ फाटेपर्यंत. उलट शीळ आली नाही.

२ मार्च, रविवार. सकाळ

ती हाका मारतेय.

उजाडल्यापासून. घळीकडून. ताई, पाय मोडलाय. ताई, पानी. आत्या, मला न्या की ओ.

काकूंनी टीव्ही मोठा केलाय. दादासो भिंतीला टेकून, कानांवर हात. तो दोनदा उठला. काकूंनी त्याचा सदरा धरून ठेवलाय, फाटला तरी सोडत नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहतंय.

मी खोलीत बसून ऐकतेय. आयुष्यभर हेच केलं, दिसायला सारख्या दोन पाखरांतला फरक कानाने सांगितला. आता सांग की, स्वरूपा. ही प्रतिक्षा आहे की ते?

सांगता येत नाही. ती असली आणि आम्ही टीव्ही लावून बसलो असलो तर—

हुंदक्यानंतर श्वास अडकतो तिचा. नकलेत असं कुठून येईल? ती आहे. मी जाते. डायरी, पाणी, दोर घेतलाय. काकूंना सांगितलं नाही.

दुपार. माळावर

ओ दिली मी.

नाही राहवलं. घळीपाशी तिने ताई म्हटलं आणि मी ओरडले, आले गं, तिथेच थांब.

हाका थांबल्या. लगेच. मग पुन्हा, पण पलीकडून. मी गेले की अजून पलीकडून. ऊन. एकही पाखरू नाही.

नंतर—

हिवराच्या झुडपाखाली खरी प्रतिक्षा आहे. हाकांच्या उलट बाजूला. मी चुकून अडखळले तिच्यावर. ओढणी स्वतःच्याच हाताने तोंडात कोंबलेली. पाय धड आहे. तिला हलवलं तर नुसत्या खुणेने सांगते, बोलू नका, बोलू नका. तिने कालपासून एक शब्द काढलेला नसणार. शीळही नाही. उन्हात, पाण्याशिवाय. आम्ही शेजारून गेलो असू काल, तरी नाही.

मग मघाशी ताई ताई करत होतं ते

अजून करतंय. ऐकू येतंय. रडतंय तिच्या आवाजात आणि ती इथे माझ्या मांडीशी, तोंड बंद.

पाणी पाजलं. बोलायचं नाही म्हणून डायरीत लिहून दाखवतेय. पेन तिला दिलं. तिने लिहिलं:

ताई तुमी खऱ्या हाय का

हो म्हणून लिहिलं. तिने माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. मग लिहिलं:

मी काल ओ दिली. तवापासनं ते माज्या मागं हाय. तुमीबी दिली आत्ता. आयकली मी. आता ते दोघींच्या मागं हाय

ते जवळ आलंय. आता माझ्या आवाजात. प्रतिक्षा, ये लवकर. तिने माझ्या ओठांकडे बघितलं. मिटलेले आहेत. आम्ही हात घट्ट धरलेत.

गवत वाकतंय. वारा नाही.

प्रतिक्षा, वाच. नीट वाच. जो ओ देत जातो त्याच्यामागे ते जातं. मघाशी मी ओ दिली तेव्हा तुला सोडून माझ्या मागावर आलं ना, तसं. मी घळीकडे जाते, मोठमोठ्याने ओ देत. ते माझ्यामागे येईल. तू उलट दिशेने, गवतातून वाकून, चारी लागेपर्यंत जा. मग चारीच्या कडेने घर. डायरी घे. दादासोला मिठी मार, पण तोंड उघडू नकोस उंबरा ओलांडेपर्यंत.

मान हलवू नकोस. मीच आणलंय हे तुझ्यावर. मला भीती वाटतेय, खूप वाटतेय, तरी जायचं मलाच आहे.

आज माझा आवाज येईल. उद्याही येईल. पाणी मागेल. रडेल. तुझं नाव घेईल. काकूंना सांग, टीव्ही मोठा करा. कुणालाही येऊ देऊ नका. त्या हाकांमधली एखादी खरोखर माझी असेल, पोरी. तुला वाटेल हीच ती. तरीही तू