नमुना खराब नाही

ती. अप्पा, शरणु शरणार्थी. बेंगळुरूहून शिवांजली लिहिते आहे.

माझी तब्येत ठीक आहे. अव्वानं दिलेली शेंगाचटणी संपत आली, पण तिला सांगू नका, दुखऱ्या खांद्यानं कुटायला बसेल. खांदा डॉक्टरांना दाखवला का?

लोहारा गावच्या पाहुण्यांना दिलेली माझ्या साखरपुड्याची तारीख रद्द करा. प्रयोगशाळेच्या भट्टीत माझा नवा स्फटिक वाढतोय, तो सोडून मी नळदुर्गला येणार नाही.

स्फटिकात धन आणि ऋण विद्युतभार दोन बाजूंना सरकलेले असले, तर धातूतली वाहती वीज सहसा तो फरक पुसून टाकते. माझ्या ऑक्साइडच्या पहिल्या स्फटिकात वीजही वाहते आणि भारही सरकलेले राहतात. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "नमुना खराब असेल. हे प्रबंधातून काढ आणि मोकळी हो." मी नाही म्हटलं.

नव्या स्फटिकात ते दिसलं नाही, तर चूक माझी होती असं मी स्वतः लिहीन. मोजल्याशिवाय मात्र एक ओळ काढणार नाही.

फोनवर तुम्ही म्हणालात, "पाहुणे लई दिवस थांबणार न्हाईत, बाई." त्यांना सांगा, थांबू नका.

तुमची,
शिवांजली