पिवळ्या फडक्यातलं लोखंड

क्लाटेन
२० जुलै १९८७

ती. म्बाक विनार्ती हिस,
धाकट्या भावाचा शि. सा. न. वि. वि.

इबूचा गुडघा आता बरा आहे, जीभ त्याहून बरी आहे. बापकांना जाऊन वर्ष झालं म्हणून तिने नवऱ्याची पेटी मुलाच्या हाती उघडायला दिली. आत शाळेची हजेरीपुस्तकं, दोन चष्मे आणि तळाशी पिवळ्या रेशमी फडक्यात गुंडाळलेली एक लोखंडी वस्तू निघाली. एका टोकाला बदकासारखी मान, दुसऱ्याला दोन शिंगं, मध्ये न फिरणारं चाक, खाली जिभेसारखी पट्टी. पट्टी दाबली की टक् करून आत जाते. शेजारी म्हणतात नांगराचं काहीतरी आहे. मी तिच्यावर नारळ फोडून पाहिला. नारळ शाबूत आहे, अंगठ्याला पट्टी आहे.

ईद सोडली तर आपल्या उंबऱ्याला कधी न शिवणारे पाकदे ऐकून धावत आले. वस्तू हातात घेऊन अंगठ्याने पट्टी टक् करून दाबली. मग म्हणाले की ही घराण्याची पुसाका आहे, पूर्वजांची पवित्र ठेव, आणि हिच्यावर नारळ आपटणारा गाढव कोण? सुरो महिन्याच्या पहिल्या दिवशी तिला फुलांच्या पाण्याने आंघोळ घालायची आणि ते बापकांचे थोरले भाऊ म्हणून ती कायमची त्यांच्या घरी न्यायची, असा हुकूम झाला आहे.

म्बाक, बापकांनी एवढी जपलेली ही एकच वस्तू. ती काय हे कळल्याशिवाय हातची सोडायला मी तयार नाही. चित्र काढून पाठवतोय, सुराबायात कुणाला तरी विचार. पत्र पाकदेंच्याच पत्त्यावर टाक. पोस्टमन त्यांच्या ओसरीच्या पुढे अजूनही येत नाही.

तुझ्या मायेचा भुकेला,
तेगुह

सुराबाया
१८ ऑगस्ट १९८७

चि. तेगुह यास,
अ. उ. आ.

तुझं चित्र बघून सासूबाईंनी विचारलं की हे बदक आजारी आहे का. सायकलवाला म्हणाला, लोखंड सायकलचं, पण अक्कल सायकलवाल्याची नाही. दातांच्या डॉक्टरांनी तर कागद घाईघाईने मिटून परत दिला. शेवटी पक्षीबाजारातल्या एका म्हाताऱ्या पिंजरेवाल्याने ओळखलं. होल्याचा पिंजरा दोरीने उंच काठीवर चढवतात ना, तो वर जाऊन जिच्यात अडकतो ती ही कडी. कडी असली की वाऱ्यात पिंजरा हलत नाही, आणि पिंजरा हलला नाही तरच होला घुमतो.

ते ऐकून मला एक जुनी स्पर्धा आठवली. तेव्हा तू पाळण्यात होतास, पण मी नऊ वर्षांची होते. होल्यांच्या स्पर्धेच्या सकाळी पाकदेंच्या काठीवरची कडी गायब झाली, त्यांचा पिंजरा लंबकासारखा हलत राहिला आणि होला चोच उघडेना. पहिला आला बापकांचा होला. आपल्या भिंतीवरचं घड्याळ त्याच बक्षिसाचं. दोघे भाऊ तेव्हापासून कामापुरतं बोलू लागले.

तेगुह, ज्या मास्तरांनी खोडरबर चोरलं म्हणून पोरांना दिवसभर उभं केलं, त्यांच्या पेटीत ही कडी! वस्तू विहिरीत पडली म्हणून सांग, काहीही कर, पण पाकदेंना कळू देऊ नकोस. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुपारपर्यंत अख्खं गाव बापकांना चोर म्हणेल आणि तुला त्याच शाळेत शिकवायचं आहे. पाकदेंना हळूच ते घड्याळ तरी परत करूया का? मला रडू येतंय आणि हसूही येतंय.

तुझीच,
विनार्ती

क्लाटेन
२७ ऑगस्ट १९८७

ती. म्बाक हिस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलंच नाही, आणि सोहळा उरकला. त्याआधी पाकदेंनी सगळ्या घराला तीन दिवस बिनमिठाच्या भातावर आणि पाण्यावर ठेवलं. रोज येऊन भात चाखून बघायचे, स्वतः मात्र जेवून यायचे. शेजारी टेंपे तळत होते तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

धूप लावला, फुलांचं पाणी झालं, मग लिंबाने वस्तू घासली. काळं निघाल्यावर खाली एक कोरलेलं अक्षर दिसल्यासारखं वाटलं, पण पाकदेंचा अंगठा तिथून हलेना. मी वस्तू देणारच नव्हतो. पण फडकं गुंडाळताना त्यांचे डोळे भरून आले आणि माझ्याच्याने नाही म्हणवलं नाही. इबू सबंध वेळ तोंडाला पदर लावून बसली होती. रडत होती की काय, कळलं नाही.

आता सवडीने तरी दोन ओळी लिही.
तेगुह

क्लाटेन
५ सप्टेंबर १९८७

चि. विनार्ती हिस,
अ. उ. आ.

तुझं पाकीट मी फोडलं. माझ्या ओसरीवर आलेलं पत्र फोडायचा थोरल्याला हक्क आहे, आणि नसला तरी फोडलं.

ती कडी मी सायकलच्या भंगारातून स्वतः घडवली होती. ती मला ओळखू येणार नाही? स्पर्धेच्या संध्याकाळीच तुझ्या बापाच्या बोटांना माझ्या काठीचं वंगण दिसलं होतं. आज आणून देईल, उद्या देईल, म्हणून मी वाट पाहिली. त्याला लाजेने ते जमलं नाही. ईदला सगळे धाकटे माझ्या गुडघ्यावर डोकं टेकून माफी मागत आणि चटकन उठत. तो उठतच नसे. मी मनातून कधीच माफ केलं होतं, पण तोंडाने म्हणालो नाही, ते आता सलतं.

पेटीतून कडी निघाली तेव्हा सारे शेजारी जमले होते. माझी आहे म्हणालो असतो तर मेलेला भाऊ चोर ठरला असता. म्हणून पुसाका म्हणालो. उपास मात्र मुद्दाम करवला. एकोणतीस वर्षांचं काहीतरी वसूल नको?

कडी काठीवर चढवली आहे. आज सकाळी होला घुमला, पिंजरा जराही हलला नाही. तुझं पत्र मी तेगुहला देणार नाही. त्याचा बाप होता तसाच राहू दे. आणि घड्याळाचं डोक्यातून काढून टाक, ते तेव्हाही दहा मिनिटं मागे पडायचं.

नातवंडांना पापा. आमच्यावर माया आहे ती आटू देऊ नकोस.

तुझा,
तोंडात तीळ न भिजणारा पाकदे