उजव्या चाकाचं हब

ती. मामांना,

शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच मानून घ्यावा. परवा चिखलात जो घडला, तो तुमच्याच दिशेने होता असं समजलात तरी चालेल.) मामींचा खांदा आता कसा आहे? तुमची तब्येत विचारत नाही, कारण फोनवर तुमचा आवाज ऐकताना फोन हातभर लांब धरावा लागतो, त्या अर्थी ती ठणठणीत असणार. आज फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण आमच्या भिंती पातळ आहेत आणि माझ्या सासऱ्यांचे कान जन्मभर घड्याळं दुरुस्त करून इतके तयार झालेत की शेजारच्या घरातलं घड्याळ मागे पडतंय हे त्यांना इथे बसून कळतं. आणि विषयात तेही आहेत.

विषय म्हणजे तुम्ही आमच्या ठेंगूसाठी मोठ्या प्रेमाने पाठवलेले व्हॅक्यूमचे हब. (ठेंगू म्हणजे आमची छोटी जीप, तुम्हाला माहीत आहे, पण मामी पत्र वाचतीलच, म्हणून खुलासा.) मामींसाठी हेही सांगते की चारही चाकांनी जोर लावायचा असेल, तर पुढची दोन चाकं त्यांच्या दांड्याशी जोडावी लागतात. हे जोडण्याचं काम हब करतं. जुन्या हाताच्या हबला चाकाच्या मधोमध एक चकती असते; खाली उतरायचं, चिखलात गुडघा टेकायचा, एका चाकाची चकती फिरवायची, मग दुसऱ्याची. तुमच्या व्हॅक्यूमच्या हबात इंजिन जी हवा ओढतं, ती ओढ एका बारीक नळीतून चाकापर्यंत जाते आणि आतला दांता सरकवते. माणसाने आत कोरडं बसून फक्त लिव्हर ओढायचं. तुम्ही म्हणाला होतात, आजच्या काळात गाडीतून उतरून चाकाचे कान कोण पिळतं? मला ते पटलं. जनावरांच्या डॉक्टरला चिखलाची हौस नसते, मामा. माझ्या वाट्याचा चिखल मला गोठ्यात मिळतो.

पण आमच्याकडे चाकाचे कान पिळणारा एक माणूस होता, हे मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, बारीक दिसेनासं झालं आणि त्यांनी घड्याळांचं दुकान बंद केलं, तेव्हा ते खुर्चीत असे बसायचे की जणू ट्रेनची वाट बघताहेत. सासूबाई गेल्यापासून घरात बोलायला कोणी नव्हतंच, आता हातालाही काही उरलं नाही. तुमचे जावई सकाळी जातात ते दिवे लागल्यावर येतात. मला बघवेना. एके दिवशी मी त्यांना फेरीवर बरोबर घेतलं आणि एका उतारावर गाडी थांबवून म्हटलं, डावं हब लावलंय, उजवं राहिलं वाटतं, जरा बघता का? खरं म्हणजे आभाळ भरलेलं पाहून मी घरूनच दोन्ही लावून निघाले होते. बाबा उतरले. बराच वेळ लागला. चकती फिरवली, कान जवळ नेला, पुन्हा फिरवली आणि आत येऊन म्हणाले, "सुटंच होतं. लावलं."

मी चाटच पडले. मी लावलं होतं हे मला लख्ख आठवत होतं. पण बाबा खोटं बोलत नाहीत, त्यामुळे खोटी मीच ठरले. तेव्हापासून मी गॅस दोनदा बंद करते आणि दार लावून परत येऊन बघते. असो. त्या दिवसापासून उजवं चाक बाबांचं झालं, मग डावंही. डबा, पाण्याची बाटली आणि गुडघ्याखाली घ्यायला एक दुमडलेलं पोतं, एवढा सरंजाम घेऊन ते माझ्याआधी गाडीत बसलेले असत. प्रत्येक ओढ्यापाशी उतरत, चकती फिरवत, कान लावत आणि "लागलं" म्हणत. रस्त्यात तेवढंच बोलत, पण घरी आल्यावर जेवताना भरभरून बोलत.

मग त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले, मला दया आली, आणि माझी दया नेमकी तुमच्या उत्साहाला जाऊन भिडली. हब आले. आमच्या मेकॅनिकने (त्याला सगळे होईल-होईल म्हणतात, कारण काम कधी होईल हे तो कधीच सांगत नाही) ते बसवले आणि जुने हाताचे हब तुमच्या आग्रहाखातर तुम्हाला पाठवले. पहिल्या दिवशी लिव्हर ओढलं, समोर हिरवा दिवा लागला, आम्ही ओढा पार केला. बाबांनी त्या दिव्याकडे पाहिलं, मग पोत्याकडे. "छान आहे," म्हणाले. दुसऱ्या दिवशी गुडघा दुखतो म्हणून आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मामा, ज्या गुडघ्याला आराम मिळावा म्हणून सगळा खटाटोप केला, तो आराम मिळताच दुखायला लागला, हे तुमच्या शास्त्रात कसं बसतं ते कळवा.

घरी राहून त्यांनी घरातली घड्याळं उघडली. स्वयंपाकघरात एक वेळ, बाहेरच्या खोलीत दुसरी, आणि न्हाणीघराजवळचं घड्याळ तर आपल्याच तंद्रीत. तुमचे जावई सोयीचं घड्याळ बघून उठायला लागले.

अशात परवा वरच्या वस्तीवरून बोलावणं आलं. गाय अडली होती, रात्रभर पाऊस होऊन गेलेला. मी एकटीच निघाले. चढावर लिव्हर ओढलं, हिरवा दिवा लागला, आणि मागची चाकं इमानाने खड्डा खणायला लागली. पुढची चाकं पाहुण्यासारखी स्वस्थ. मी उतरले आणि तुम्हाला तो नमस्कार घडला. मग चाकापाशी जाऊन बघते तर फिरवायला काही नाहीच! हाताच्या हबला निदान शिव्या देत पिळता तरी येतं. तुमच्या हबला गुळगुळीत झाकण. तिथे मला शोध लागला की दिवा फक्त लिव्हर ओढल्याचं सांगतो. चाकं जोडली गेली की नाही, याची त्या बिचाऱ्याला खबरही नसते.

उशीर होईल म्हणून घरी फोन केला. बाबा सगळं ऐकून म्हणाले, "बॉनेट उघडू नकोस. चिखल जाईल आत."

आता मला सांगा, असं म्हटल्यावर कोण उघडणार नाही? उघडलं. बारीक नळी चाकाकडे जाणाऱ्या जोडापासून सुटून लोंबत होती. तिची क्लिप जवळच होती, बॅटरीच्या खोबणीत घट्ट बसवलेल्या बाटलीच्या झाकणात, ग्रीसच्या ठिपक्यावर टेकवलेली. मामा, उघडलेल्या वस्तूचे बारके भाग हरवू नयेत म्हणून बाटलीच्या झाकणात ग्रीसवर ठेवणारा माणूस मला जगात एकच ठाऊक आहे. मी नळीच्या तोंडावर अंगठा धरला, इंजिनाने तो आत ओढला, आणि खरं सांगते, गाय अडलेली असताना मी क्षणभर त्या ओढीचीच मजा बघत उभी राहिले. बाबांनीही तेच केलं असणार. मग नळी बसवली, क्लिप लावली, झाकण खिशात टाकलं आणि चढ चढले. वर पोचते तो वासरू उभं राहून आईला ढुशा देत होतं आणि घरातली बाई मला म्हणाली, आता आलाच आहात तर चहा घ्या.

घरी मी सांगितलं की ट्रॅक्टरने ओढून काढलं. पण संध्याकाळी मी खिडकीतून बघत होते, बाबांनी गुपचूप बॉनेट उघडलं, नळी जागेवर पाहिली, झाकण नाही हे पाहिलं. दुसऱ्या दिवशी हत्यारांची गुंडाळी कपाटावर टाकली गेली आणि घड्याळं चुकीची होती तशीच राहिली. हात मांडीवर ठेवून ते बसलेले असतात. त्यांनी नळी मुद्दाम काढली की बघायला काढली, हे मला कळत नाही आणि विचारायची हिंमत होत नाही. मला फक्त ते हात तसे बघवत नाहीत.

बाकी सर्व क्षेम. मामींना नमस्कार, आणि तुम्हीही जपा.

तुमची भाची

ता. क. जुने हाताचे हब तुम्ही टेबलावर कागदांवर ठेवायला वापरता असं मामी म्हणाल्या. कागद उडाले तरी चालतील, ते हब ताबडतोब परत पाठवा.

ता. क. २ पण बाबांना असं कळवा की तुमच्या स्वतःच्या गाडीला व्हॅक्यूमचे हब तातडीने हवेत, म्हणून ही अदलाबदल. आपल्यासाठी काही केलंय असं त्यांना वाटलं, तर ते गुडघ्याचंच कारण पुढे करतील.

(उलट्या बाजूला, वेगळ्या अक्षरात)

मामासाहेब, स. न. पत्र चिकटवून पेटीत टाकायला सूनबाईने माझ्याकडे दिलं. वाचलेलं नाही. ता. क. तेवढे वाचले, घडी घातल्यावर ते वरच दिसत होते. अदलाबदलीची युक्ती चांगली आहे, तसंच कळवावं. मी विश्वास ठेवीन. नळी मी बघायला काढली होती, तेवढ्यात चहाला हाक आली. पोरगी एकटी चढावर अडकली, त्याचं वाईट वाटतं. पोतं धुऊन वाळत घातलं आहे.

आणखी एक. उजवं चाक लावायला आपण विसरलो होतो असं ती अजून धरून चालते. विसरली नव्हती. पहिल्या दिवशी मी उतरलो तेव्हा दोन्ही चाकं लागलेलीच होती. मी उजवं सोडलं आणि परत लावलं. हे तिला कळवू नये.