घोडीची डावी बाजू

प्रिय धाकट्या,

घोडी चालायला लागली. पहिली बातमी हीच, कारण तू घर सोडलंस तेव्हा ती आडवी पडून होती आणि डॉक्टर इंजेक्शन भरून उभे होते. तिला यातनांतून सोडवा, असं तू म्हणालास आणि बाबा तुला नको ते बोलले. तूही काही बाकी ठेवलं नाहीस. दोन महिन्यांनी बाबा गेले, तू आला नाहीस. त्याबद्दल मी काही विचारणार नाही.

खुरांच्या आतली सूज उतरायला सहा महिने लागले. दोन्ही वेळा पाय बर्फाच्या पाण्यात, खाली हातभर भुसा, भिजवलेलं गवत. मग रोज दहा पावलं, मग वीस. माझी कंबर कामातून गेली, पण खरारा करताना ती खांद्यावर मान टाकायची. मग चिडणार कोणावर?

एक गोष्ट मात्र मी मनातच ठेवली. ती मला तिच्या डाव्या बाजूला चालू देत नसे. गेले की अंगानेच हळू बाजूला सारायची, कुणाची तरी जागा राखावी तशी. उजवीकडून दोर धरला की निमूट निघायची. पाण्याच्या टाकीपाशी थांबायची, माणसाची धाप ओसरेपर्यंत, आणि आपणहून पुढे व्हायची. बाबा तिला डावीकडून, एक पाय ओढत फिरवायचे, आणि त्यांना तिथेच दम लागायचा. डॉक्टर म्हणाले, सवय आहे. पण वारा नसताना तिच्या मानेवरचे केस पंजाएवढे दबायचे, आणि ती डोळे मिटायची.

गेल्या महिन्यात नवा नालबंद आला. परगावचा, बाबांना त्याने कधी पाहिलेलं नव्हतं. चाल दाखवायला मी घोडीला भर दुपारी अंगणात फिरवलं. तो उकिडवा बसून खुरं बघत होता. फेरी संपल्यावर म्हणाला, "चाल चांगली आहे. फक्त पलीकडच्या काकांना जरा लांबून चालायला सांगा. आधीच एक पाय ओढतात, चप्पल खुराखाली येईल."

पलीकडे नुसतं ऊन होतं.

परवा डॉक्टरांनी खोगीर घालायची परवानगी दिली. काल सकाळी घोडीने मला डावीकडे येऊ दिलं. मग फाटकाशी जाऊन स्टेशनच्या रस्त्याकडे बघत ती कितीतरी वेळ उभी होती. म्हणून हे पत्र. शेवटच्या आठवड्यात बाबा मला तीनदा म्हणाले होते, त्याला लिही, ये म्हणावं. मी रागाने लिहिलं नाही. ते बोलावताहेत हे तुला कळलंच नाही, हा दोष माझा. आता ते स्वतःच निघालेत. चालत येणार, वेळ लागेल. पत्र बहुधा आधी पोचेल. जिन्यावर पावलं वाजली तर घाबरू नकोस. दार उघड, आणि बोलण्याआधी त्यांना थोडं बसू दे.

तुझीच,
ताई