माझे बोट चापावर होते

दिनांक : १४ नोव्हेंबर २०२३

प्रति,
मा. अधीक्षक,
बेकर फोर्क शालेय जिल्हा, ओहायो

विषय : कु. मारिबेथ स्क्रॉगिन्स हिची शिक्षा रद्द करणे, माझ्याकडील पिस्तूल जमा करून घेणे व खोटा अहवाल दुरुस्त करणेबाबत.
संदर्भ : आपले प्रशस्तिपत्र, दि. २७ ऑक्टोबर.

महोदय,

मी आपल्या हायस्कुलात बावीस वर्षे सुतारकाम शिकवतो. शिक्षकांना शस्त्र द्यावे की नाही यावर मंडळाची सभा झाली, तेव्हा बाजूने बोलायला पहिला मीच उठलो होतो. "पोलीस यायला पंचवीस मिनिटं लागतात. तोवर पोरांनी काय देवाचा धावा करायचा?" हे वाक्य माझेच; त्यावर टाळ्याही पडल्या. गेल्या वर्षापासून मी कमरेला पिस्तूल लावून वर्गात उभा राहतो. सबब, हा अर्ज कोणा भित्र्याचा म्हणून बाजूला सारता येणार नाही.

१. दि. २४ ऑक्टोबर रोजी आपल्या कार्यालयातील कोणाचा तरी हात चुकून धोक्याच्या बटणावर पडला. शाळेत बंदूकधारी शिरल्याची घोषणा झाली व वर्गांना कड्या लागल्या. नववीतील मारिबेथ त्या वेळी स्वच्छतागृहात होती. बाहेर येऊन तिने गणिताच्या वर्गाचे दार ठोठावले. "मॅडम, मी आहे, उघडा ना." आपल्या नियमानुसार दार उघडायचे नसते. आतल्या सव्वीस मुलांनी तिचा आवाज ओळखला आणि सगळी मुले गप्प बसली.

२. पिस्तूल काढून बंदूकधाऱ्याला शोधत मी कोपऱ्यावरून वळलो, तेव्हा जॅकेटची टोपी डोक्यावर ओढलेले कोणीतरी त्या दारावर मुठी मारत होते. ते माझ्याकडे वळले. हातात काहीतरी काळे होते. मी नेम धरला. "सर, मी मारिबेथ. तुमच्या दुसऱ्या तासाची." मला शब्द ऐकू आले, अर्थ लागला नाही. तिला ते तीनदा सांगावे लागले. मग ती खाली बसली. हातात फोन होता आणि पलीकडून तिची आई बोलत होती.

३. अहवालात 'शिक्षकाचे बोट चापापासून दूर होते' असे नमूद आहे. हे खोटे आहे. बोट चापावर होते व चाप थोडा दबलेला होता. हे मी त्याच दुपारी आपणांस समक्ष सांगितले. आपण म्हणालात, "वेंडेल, शेवट गोड झाला ना? मग कशाला उकरून काढतोस?" तीन दिवसांनी मला चौकटीतले प्रशस्तिपत्र मिळाले. मारिबेथला 'धोक्याच्या वेळी विनापरवाना व्हरांड्यात वावरल्याबद्दल' पाच दिवस शाळेबाहेर काढण्यात आले.

४. पिस्तूल मी दोनदा आपल्या कार्यालयात ठेवून आलो. दोन्ही वेळा ते चिठ्ठीसह परत आले : विम्याच्या अटीनुसार शाळेत किमान तीन सशस्त्र शिक्षक आवश्यक, तरी शालेय वर्ष संपेपर्यंत, म्हणजे जूनपर्यंत, धीर धरावा. महोदय, जूनपर्यंत त्या मुलीचा रोज एक तास माझ्याकडे आहे. गेल्या आठवड्यात ती परतली. मोजपट्टी काढायला मी कमरेकडे हात नेला, तर हातातली करवत टाकून ती भिंतीला जाऊन टेकली. धीर कोणी धरायचा, तेही चिठ्ठीत लिहायला हवे होते.

५. येत्या गुरुवारच्या सभेपूर्वी तिच्या नावावरील शिक्षा पुसावी, पिस्तूल जमा करून घ्यावे व अहवाल सुधारावा. न केल्यास हा अर्ज मी सभेत उभा राहून वाचणार आहे. नोकरीवरून काढायचे असल्यास खुशाल काढावे, मात्र खरे कारण लिहावे.

मारिबेथच्या घरी शाळेतर्फे कोणी माफी मागायला गेल्याचे मला आढळले नाही. म्हणून रविवारी मी गेलो. तिचे वडील लॉइड आणि मी बारा वर्षे एकत्र हरणाच्या शिकारीला जातो. दारातच त्याला सांगितले, "लॉइड, बोट चापावर होतं." त्याने दार लावून घेतले. या प्रकरणात मला मिळालेले योग्य उत्तर तेवढे एकच.

आपल्या सशस्त्र शिक्षकांच्या यादीतून नाव काढून घेणारा,
(सही)
वेंडेल ऱ्यूपर्ट
सुतारकाम शिक्षक

सोबत : प्रशस्तिपत्र, चौकटीसह, आपल्या दोन चिठ्ठ्या.