पाच वाजताचा उजेड

५ मार्च २०२५, भस्म बुधवार. संध्याकाळी ७
माणगावला उपासनेला जाऊन आलो. यंदाचा उपवासकाळ वाया घालवायचा नाही. ठराव: पहाटे पाचला उठून प्रार्थना. रोज बायबलचे तीन अध्याय. ईस्टरपर्यंत मासे बंद. चार रंगांचे हायलायटर घेतले. बायको, म्हणजे केसर, म्हणाली, आधी एक तरी रंग संपव. तिची श्रद्धा कमी पडते.

परतताना एसटीत शेजारच्या सोनामावशी होत्या. त्यांचा मुलगा कुलदीप दोन वर्षांपूर्वी मुंबईला गेला. तेव्हापासून ना फोन ना पत्ता. म्हणाल्या, एकटीची हाक कमी पडते. चाळीस दिवस पाचला तूही त्याच्यासाठी देवाकडे मागशील का? त्या त्यांच्या पडवीत, मी माझ्या घरात. मी शब्द दिला. चांगला ठणकावून दिला, पुढच्या सीटवरच्यांनी वळून पाहिलं.

६ मार्च. ७.४०
अलार्म वाजला होता. प्रार्थना पडूनही करता येते. ‘हे प्रभू’पर्यंत आठवतंय.

९ मार्च, रविवार
मावशी म्हणाल्या, पाचला तुमच्या खिडकीत उजेड दिसतो, बरं वाटतं. तो उजेड केसरचा. पाचला नळाला पाणी येतं, ती हंडे भरते. सांगणारच होतो, तेवढ्यात पाळकसाहेब आले. ते गेले तोवर मावशीही गेल्या.
तसं पाहिलं तर नवरा-बायको एकदेह. म्हणजे अर्धा मी उठतोच.

१७ मार्च
दिघीच्या जेट्टीवर तिकिटं देतो. दोन बोटींच्या मधल्या वेळात वाचायचं ठरवलंय. अजून सहाव्याच अध्यायावर आहे, नोहाच्या तारवात कोणी चढलेलं नाही. पिवळ्या हायलायटरचं टोपण उघडं राहिलं, वाळला.

२४ मार्च
जवळ्याची चटणी खाल्ली. जवळा हा मासा नव्हे, मसाला. केसरने विचारलं, मग पापलेट काय भाजी? उपवासात वाद नको.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
घडू नये ते घडलं. पाळकसाहेबांनी विचारलं, साक्ष कोण देणार, उपवासकाळात देवाचा काय अनुभव आला ते कोण सांगणार? सगळे माझ्याकडे बघतायत असं वाटलं. उभा राहिलो. पहाटे पाचच्या शांततेवर सात मिनिटं बोललो. त्यात भारद्वाजाचा आवाजही घातला. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. मावशी खाली मान घालून हातातली झावळी उलगडत राहिल्या. केसर उठून बाहेर गेली.

येताना मावशींना कुलदीपचं विचारलं. न्हाय रे, एवढंच म्हणाल्या. हाक दोघांची ठरली होती आणि माझी बाजू महिनाभर रिकामी. पोराचा फोन माझ्यामुळे अडला असेल तर? लाज वाटते स्वतःची. उद्यापासून नक्की.

१४ एप्रिल. ७.५५
उद्यापासून.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे
आज येशूने जागं राहायला सांगूनही बागेत झोपलेल्या शिष्यांचं वाचन होतं. प्रत्येक शब्द माझ्यासाठीच होता. ठरवलं, मावशींना आजच सगळं सांगायचं. त्यांच्या फाटकापर्यंत गेलो. मग वाटलं, उपाशी बाईला कशाला त्रास. परत आलो.

२० एप्रिल, ईस्टर
दिवेआगरच्या किनाऱ्यावर सूर्योदयाची उपासना होती. मी पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं आणि मंडळी चादरींची वाळू झटकत होती. केसर मावशींबरोबर वेळेवर गेलेली. म्हणे मला तीनदा उठवलं. मावशींनी माझ्या वाटणीचा केक रुमालात बांधून ठेवला होता. खाताना मान वर करवली नाही.

२१ एप्रिल, सोमवार
चाळीस दिवस संपल्यावर आज पाचला उठलो. माझा मोठेपणा नाही. वीज गेली, पंखा थांबला, डासांनी उठवलं. वीज नाही म्हणून नळाला पाणी नाही, म्हणून केसर झोपलेली. खिडकीत अंधार. पलीकडे मावशी बसल्या असतील, हे मनातून जाईना. टॉर्च घेऊन गेलो.

पडवीत चटईवर बसल्या होत्या. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, “केसर बरी हाय ना? आज पान्याचा दिवा न्हाय लागला.”

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. साक्षीच्या दिवशीही. म्हटलं, मग इतके दिवस बोलला का नाहीत? एकट्याच कशाला बसलात?

“दोन पोरांसाठी मागत व्हते,” त्या म्हणाल्या. “एक आला.” आणि सरकून चटईवर जागा केली.

मी माफी मागितली. मग कुलदीपचं नाव घेऊन मोठ्याने प्रार्थना सुरू केली. डोळे मिटले. उघडले तेव्हा सात वाजले होते, अंगावर मावशींची गोधडी होती आणि त्या अजून पुटपुटत होत्या.