दारापाशी गेरूचा नंबर

सुलोचना,

तू वावरात लाखोरीचं पीक उपटायले गेली म्हणून लिहून ठेवतो. मी शिरगणतीच्या कामानं खालच्या मोहल्ल्यात जाऊन राहिलो, यायले दिवेलागण होईल. कालचा भात बांधून घेतला आहे. दारापाशी गेरूनं लिहिलेला घराचा नंबर सारवताना पुसू नको.

काल टेकचंद पाटलाच्या ओट्यापुढं तासभर उभा होतो. म्हणे, "मास्तर, माणसं झाली का आमची ढोरंही मोजून टाका." सारे हसले. त्याची तिन्ही पोरं माझ्याच हाताखाली शिकली. तू म्हणते ते खरं आहे. भिलाईच्या शाळेत पगार जास्त, राहायले क्वार्टर, अन् माणसं सर म्हणतात. माझ्यात आता तुझ्याशी भांडायचा जोर नाही. पण सानगडीत सोळा वर्षं झाली, पाय उचलत नाही.

भिलाईचं नोकरीचं पत्र तांदळाच्या डब्यात आहे. उत्तर उद्याच्या डाकेनं गेलं पाहिजे. जायचं असलं तर ते खाटेवर काढून ठेव, मी काही बोलणार नाही.

सारं गाव शाईनं लिहून राहिलो. आपल्या घरची तीन नावं तेवढी पेन्सिलनं लिहिली आहेत. खोडरबर खिशात आहे.

लक्ष्मण